झाड तेवढं काढा

त्या बंगल्यातून मला एकाच दुपारी दोन फोन आले. पहिला काकांचा. "आमच्या घरापुढे बाग करून द्यायची आहे, येऊन बघून जा." दुसरा काकूंचा. "आमच्या घरापुढे बाग करून द्यायची आहे, येऊन बघून जा." मी म्हटलं, "अहो, आत्ताच तुमच्याकडून फोन येऊन गेला." तर काकू म्हणाल्या, "तो त्यांचा. हा माझा." एखादा शहाणा असता तर त्याने तिथेच फोन ठेवून दिला असता. मी पेन शोधायला लागलो.

पण माझीही बाजू ऐकून घ्या. ऑफिसातली चांगली पंख्याखालची नोकरी सोडून मी बागा लावून द्यायचा धंदा सुरू केला होता. कार्डं छापली होती. त्यावर नावाखाली 'उद्यानरचनाकार' असं होतं. ते वाचून हिच्या मामांनी "हे कधीपासून झालं? औषध चालू आहे ना?" असं विचारलं होतं. धंदा म्हणावा तर एवढाच, की एका दातांच्या डॉक्टरच्या खिडकीवर मी वेल चढवला होता. दुखऱ्या दाताने ताटकळत बसलेल्या पेशंटांनी एकेक पान खुडत तो महिनाभरात संपवला. डॉक्टर म्हणाले, "पेशंट शांत बसायचे हो, दुसरा लावा." ही माझ्या कामाला मिळालेली आजवरची एकमेव शाबासकी.

आणि मानगुटीवर दादा होता. माझ्या दादाचं फरशीचं दुकान आहे. तसा तो मायाळू माणूस, पण मोकळी जमीन दिसली की त्याचा जीव कासावीस होतो. त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, "या उन्हाळ्यात एक, फक्त एक धड बाग उभी करून दाखव. नाही जमलं तर मुकाट्याने दुकानात येऊन बस. तुझी खुर्ची ठेवलीय मी." त्यावर आमच्या हिने खुर्चीला गादी आहे का याची चौकशी केली. म्हणजे घरातल्या घरात माझा निकाल लागलेलाच होता. तेव्हा तो बंगला म्हणजे माझी शेवटची संधी होती, आणि समोरून एकाच घरातून दोन फोन आले काय, चार आले काय, मी नाही म्हणणार नव्हतो.

गेलो. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून, तोंडासमोर पेपर धरून बसले होते. काकू पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यात, एका जुन्या तुतीच्या झाडाखाली वेताच्या खुर्चीत, घराकडे पाठ करून बसल्या होत्या. मधे कोरडीठाक जमीन, आणि त्या जमिनीच्या मधोमध मी.

"त्यांना सांगा, मला सलग हिरवळ हवी," काका पेपरामागून म्हणाले.

मला वाटलं, काकूंना कमी ऐकू येत असेल. मी चालत तिकडे गेलो आणि मोठ्याने ओरडलो, "काका म्हणतात, सलग हिरवळ हवी!"

"ओरडू नका, मी बहिरी नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना विचारा, हिरवळीला पाणी कोण घालणार?"

मी परत आलो. परत गेलो. परत आलो. चौथ्या-पाचव्या खेपेला माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दोघांचा अबोला होता. रुसण्या-फुगण्यातला नव्हे, चांगला तीन वर्षं मुरलेला अबोला. का धरला असं मी काकांना विचारलं तर म्हणाले, "तिला विचारा." काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना चांगलं माहीत आहे." घर कसं चालतं म्हणाल, तर दूधवाला, पेपरवाला आणि परगावची मुलगी यांच्यामार्फत. मी काम घेतल्याचं कळल्यावर दूधवाल्याने मला फाटकात गाठलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "फार बरं झालं साहेब, तुम्ही आलात. मला रोज पुढच्या घरी उशीर होत होता."

तर असे माझे ग्राहक. काकांना गुलाब हवेत, काकूंना काट्यांचं वावडं. काकूंना कारंजं हवं, काकांना त्यात डास दिसायचे. मी वाट सरळ आखली की काकू म्हणायच्या, "ही काय धावपट्टी आहे?" वळवली की काका म्हणायचे, "फाटकापर्यंत पोचायला आता नकाशा द्या म्हणजे झालं." मी दिवसभर निरोप वाहायचो आणि घरी आल्यावर हिने काही विचारलं की पाठ फिरवून भिंतीला उत्तर द्यायचो, इतकं ते अंगवळणी पडलं.

एका सकाळी काकांनी मला गाडीच्या आड बोलावलं. पांढरीशुभ्र गाडी, चालवतात कमी आणि पुसतात जास्त. टपावर जांभळे ठिपके होते. "हे बघा," काका दबक्या आवाजात म्हणाले, "ही तुतीची करणी. ते झाड काढा. पुढचं मग बघू."

मी मान डोलावली आणि घरी येऊन नकाशा करायला बसलो. माझ्या हाताला बाकी काही वळण नसलं तरी रंगीत पेन्सिलींवर माझी हुकमत आहे. जेवणाचं टेबल मी अडवल्यामुळे घरचे स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होते, पण नकाशा असा देखणा झाला की हीसुद्धा हातातलं ताट घेऊन बघायला आली. हिरवळ, वळणाची वाट, कारंजं, दोघांसाठी एक बाक, सगळं होतं. तुतीचं झाड अर्थातच नव्हतं, कारण ते जायचं होतं.

नकाशा घेऊन काकूंकडे गेलो. झाड माझं आहे, खबरदार, असं त्या म्हणणार याची मला खात्री होती. त्यांनी चष्मा लावला. कागदावरून बोट फिरवलं. कोपऱ्याशी बोट थांबलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "फक्त ते झाड तेवढं काढा."

माझा कानांवर विश्वास बसेना. तीन वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच दोन माणसांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्या हातून! मला एकदम भरून आलं. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही सल्लागार म्हणतो, कारण ते जिन्यातून उतरताना प्रत्येक मजल्यावर एकेक सल्ला ठेवून खाली पोचतात. त्यांनी मला बजावलं होतं, "गिऱ्हाइकाकडून प्रत्येक गोष्ट तीनदा वदवून घ्यायची. मागाहून बोंब नको." तेव्हा मी पूर्ण खबरदारी घेतली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळ्यांनी मला बेजबाबदार ठरवलं.

"काकू, नक्की काढू ना?"

"म्हणजे काय? ते झाड काढल्याशिवाय मला ही बाग बघवणार नाही."

"मुळासकट काढू?"

"मुळं कशाला? मुळं कधी दिसतात का? जमिनीच्या वरचं काढा."

"आणि फांद्या?"

"सगळ्या काढा. ती माझ्या खुर्चीवर आलेली आहे ना, ती तर आठवणीने काढा."

आता याहून स्पष्ट कुणी काय सांगावं? तीन प्रश्न, तीन उत्तरं. घरी येऊन मी सल्लागारांना जिन्यात थांबवून त्यांचे आभारसुद्धा मानले.

झाड काढायचं तर परवानगी लागते. झाडांचं खातं एका इमारतीच्या तळघरात होतं, तिथे ऊन म्हणून कधी आलेलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "झाड जिवंत का मेलेलं?"

"जिवंत."

"मग कठीण आहे. मेलेलं असतं तर परवानगीच लागली नसती."

"मग मेल्यावर येऊ?"

"या ना. पण मग ते मेलंय असा दाखला लागेल."

"तो कोण देतं?"

"आम्हीच. पण तुम्ही मारलं नाही, आपलं आपण मेलं, हे तुम्हाला दाखवावं लागेल."

मी त्या खिडकीशी इतक्या वेळा गेलो, की शेवटी शेवटी रांगेतले नवे लोक मलाच शंका विचारायला लागले आणि मी त्यांना उत्तरं द्यायला लागलो. आणि इकडे काकूंचा फोन चालूच. "काढलंत का झाड?"

"काकू, परवानगी मिळायची आहे."

"झाड काढायला परवानगी?"

"हो ना. सरकारी."

"कमाल आहे बाई! कसले दिवस आलेत! अहो, माझी नात पाच मिनिटांत काढते. वर त्याच्यावर दोन पक्षीसुद्धा काढते."

मी फोन ठेवला. कितवीत असेल ती मुलगी? मला तिची धास्तीच बसली. टोमणाच असणार, असं समजून मी तो गिळला. आमच्या धंद्यात टोमणे गिळायचेच असतात.

शेवटी त्या खात्याचे साहेब पाहणीला आले. काका पेपर बाजूला ठेवून स्वतः पुढे झाले, त्यांनी साहेबांना गाडीवरचे डाग दाखवले, दोनदा चहा पाजला आणि म्हणाले, "काढाच. मी मालक म्हणून सांगतो." परवानगी मिळाली. काकू तेव्हा मुलीकडे गेल्या होत्या. जाताना रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "मी येईन तोवर झाड काढलेलं असू दे हं. आल्या आल्या बघणार आहे." आता बोला!

झाड पाडायच्या दिवशी मी करवतवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे यंत्राची करवत होती आणि प्रचंड आत्मविश्वास होता. गल्लीतली निम्मी माणसं कुंपणाला टेकून उभी राहिली. एकजण म्हणाला दोर बांधा, दुसरा म्हणाला दोराने बिघडतं, तिसरा म्हणाला झाड उत्तरेला पडेल. करवतवाला म्हणाला, "साहेब, मी म्हणेन तिकडे पडणार," आणि त्याने हिरवळीच्या जागेकडे बोट दाखवलं. तुतीने ते काही ऐकलं नाही. ती सावकाश कलली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि धाडकन फाटकावर पडली. फाटक वाकडं झालं. तिची वरची फांदी, तीच ती खुर्चीवर आलेली, जाता जाता पांढऱ्या गाडीच्या टपावर बसली.

टपाला परातीएवढा खड्डा पडला. फाटक उत्तरेला होतं, त्यामुळे 'उत्तरेला पडेल' म्हणणारा तिसरा मात्र खुशीत होता. मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो आणि वाटेल ते ऐकायची तयारी ठेवली. काका गाडीकडे बघतच नव्हते. ते त्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीकडे बघत होते. तिच्यावर आता रणरणतं ऊन पडलं होतं.

"फार उघडं वाटतंय हो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. फाटक पुरतं उघडेना म्हणून त्या अंग चोरून आत शिरल्या, आणि पिशवी हातातच धरून थांबल्या. मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून सामोरा गेलो. वर्गात पहिला आलेला मुलगा घरी जातो तसा गेलो, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

"झाड कुठाय?"

"काढलं, काकू!"

"कुठे काढलं?"

"कुठे म्हणजे? इथूनच."

काकूंनी बुंध्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी माझ्या काखेतली गुंडाळी ओढून उघडली.

"अहो, इथे! इथे काढायला सांगितलं होतं! कागदावर!" त्यांचा आवाज चिरकला. "नसलेलं कारंजं काढलंत, नसलेला बाक काढलात, आणि असलेलं झाड तेवढं काढायचं विसरलात, म्हणून म्हटलं काढा! नकाशात काढा!"

वाचकहो, हा शब्द कुणी केला हो? आपल्यात माणूस चित्र काढतो आणि दातही काढतो. दुकान काढतो, कर्ज काढतो, आठवण काढतो, उट्टं काढतो. एकाच शब्दाने आणायचं आणि त्याच शब्दाने घालवायचं. माझ्यासारख्या पापभीरू माणसाने कुठला अर्थ धरायचा? आणि ही दोघं माणसं, यांनी तर एकमेकांशी एक शब्द न बोलता तीन वर्षं काढली होती.

काकू आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. भर उन्हात, बुंध्याशेजारी, नेहमीसारखी घराकडे पाठ करून. पदराने डोळे पुसले. पण ऊन सोसवेना. थोड्या वेळाने त्या उठल्या, आणि सावली उरली होती ती एकाच जागी, व्हरांड्यात, काकांच्या शेजारी. तिथे गेल्या. पेपराच्या समोर उभ्या राहिल्या.

"ह्यांना तुम्ही सांगितलंत?"

काकांच्या हातातून पेपर पडला. तीन वर्षांनी ऐकलेला आवाज तो. काका उठून उभेच राहिले. एकदा काकूंकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं त्यांनी.

"मी? छे! मी कशाला सांगेन?" काका चाचरत म्हणाले. "म्हणजे, काढा असं म्हटलं होतं मी. पण ते... नकाशातच काढा, असं."

अरे देवा! मी तोंड उघडलं. गाडीआडचं बोलणं, साहेबांना पाजलेले दोन चहा, "मी मालक म्हणून सांगतो", सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर मी सुटलो असतो. बाग राहिली असती, धंदा राहिला असता, दादाची खुर्ची रिकामी राहिली असती. काका माझ्याकडे बघत होते. इतकं गयावया करणारं म्हाताऱ्या माणसाचं तोंड मी आजवर बघितलेलं नाही.

तेवढ्यात काकू त्यांना म्हणाल्या, "आणि हे काय, चष्म्याची काडी मोडलीय. दोरा कसला बांधलाय? बदलून का नाही घेतलीत?"

"कुणी म्हणालंच नाही," काका म्हणाले.

झालं! आता काय बोलायचं होतं मी?

"माझ्याच ऐकण्यात चूक झाली," मी म्हणालो.

त्यानंतर जे झालं ते विचारू नका. आजवर मी एकेकाचं ऐकून घेत होतो. आता दोघं एका सुरात सुरू झाली. काकूंनी वाक्य अर्धं सोडलं की काका पुरं करायचे. "झाडाचं राहू दे, पण गाडीचं?" "गाडीचं राहू दे, पण फाटकाचं?" "फाटकाचं राहू दे, पण हे कारंजं सांगितलं होतं कुणी?" कारंजं काकूंनीच सांगितलं होतं, पण त्या घरात आता एकमत नांदत होतं, आणि त्यात मला जागा नव्हती. उद्यापासून येऊ नका, असं दोघं मिळून म्हणाली.

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. वाकडं फाटक त्यांनी दोन्ही हातांनी उचलून धरलं. ओठ हलत होते. "तुमचे फार..." एवढं म्हणाले, आणि व्हरांड्यातून हाक आली, "अहो!" त्या वयाच्या माणसाला इतकं जोरात पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. फाटक माझ्या पायावर सोडून गेले.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाकलं असतंत तर?"

"तर काकू पुन्हा उन्हात जाऊन बसल्या असत्या."

हिने माझा पाय बघितला, हळद लावली. मग कपाट उघडून एक निळा शर्ट काढला आणि इस्त्रीला घेतला. "सोमवारी हा घाला. फरशीची धूळ यावर दिसणार नाही," असं म्हणाली आणि माझ्याकडे न बघता इस्त्री फिरवत राहिली. दादाला फोन मीच केला. त्याने आनंद अजिबात लपवला नाही. जिन्यात सल्लागार भेटले, म्हणाले, "तीनदा विचारायचं म्हणजे एकच प्रश्न तीनदा विचारायचा. तुम्ही तीन वेगळे विचारलेत." गल्लीभर झालं होतं, झाड तोडणारा तो हाच.

रविवारी दुपारी मी उरलेली कार्डं एका डब्यात भरत होतो. ही म्हणत होती, मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला होतील. तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज, अनोळखी.

"त्या बंगल्यातलं झाड तोडलं ते तुम्हीच ना?"

"मीच," मी म्हटलं. "काय बोलायचं ते बोलून घ्या."

"नाही हो, बोलायचं काही नाही. काम आहे."

मी खाली बसलो. "बाईसाहेब, तुम्हाला सगळं माहीत आहे ना? मी नको ते झाड पाडलं. फाटक मोडलं. गाडी चेपवली."

"माहीत आहे ना. काल मंडईत ती दोघं दिसली मला. बरोबर चालली होती. बोलत होती. तुम्हालाच शिव्या देत होती, पण बोलत होती हो!" ती थांबली. आवाज एकदम खाली आला. "आमच्याकडे दीड वर्ष झालं. यांचं आणि माझं. तुम्ही येता का?"

मी हिच्याकडे बघितलं. ती कार्डं मोजायची थांबली होती.

"बाग केवढी आहे?" मी विचारलं.

"बाग कुठली? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

मी हातातल्या कार्डावरचं 'उद्यानरचनाकार' एकदा वाचलं. खुर्चीवर निळा शर्ट होता. पलीकडून बाईच्या श्वासाचा आवाज येत होता. ती फोन ठेवत नव्हती.

"निदान एखादी कुंडी तरी?"

"आहे एक," ती म्हणाली. "पण रिकामी आहे. तिच्यात मातीसुद्धा नाही."

"माती मी घेऊन येतो," मी म्हटलं.